दिवस आणि रात्र

बोइन नदीच्या वळणावर, देवांच्या जुन्या टेकाडासमोर आमचा शेजारी मर्ट कीर्नान गाई पाळून होता. बायको गेल्यापासून घरात एकटाच. डब्लिनच्या घरमालकाने भाड्याने दिलेला फ्लॅट विकायला काढला, तेव्हा मर्टचा मुलगा डेक्लन बायकोला घेऊन इथे आला. "थोडे दिवस राहतो, बाबा," म्हणाला.

थोडे दिवस म्हणता म्हणता हिवाळा सरला. सून ग्रॉन्याला दिवस गेले. पाळण्याला जागा हवी म्हणून मर्टची शेगडीजवळची खुर्ची गोठ्यात गेली.  मर्ट संध्याकाळचा पबमध्ये जरा जास्त वेळ बसू लागला.

तिथे गावातल्या पॅकी लायनमने त्याला चिडवलंच. "मर्ट, तुझा दग्दा झाला रे."

दग्दाची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ. तो सगळ्या देवांचा बाप. त्याच्या कढईपाशी आलेला कोणी उपाशी गेला नाही. त्याचा मुलगा एंगस त्या टेकाडातल्या बापाच्या घरी आला नि म्हणाला, "दिवस आणि रात्र मला इथे राहू दे." बाप हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी घर परत मागितलं, तर मुलगा म्हणतो, "सगळा काळ दिवस आणि रात्रच तर असतो." दग्दाने निमूटपणे सामान उचललं.

"त्याचं काय," मर्ट म्हणाला, "तो देव. त्याच्याकडे आणखी टेकाडं होती."

घरी जेवताना त्याने हीच गोष्ट मुलाला सांगितली. डेक्लनचा हात ताटातच थांबला.

"टोमणा कळला, बाबा. शनिवारी निघतो आम्ही."

"जा कोण म्हणतंय? एंगसला घर हवं होतं तर सरळ मागायचं. बापाने दिलं असतं. शब्दात कशाला पकडायचं?"

 ग्रॉन्याच म्हणाली, "आम्हाला हे घर हवंय, बाबा. आज इथे, उद्या तिथे करत बाळ वाढवायची भीती वाटते मला."

"घ्या मग. नदीकडची खोली तेवढी माझी. आणि अंगात बळ आहे तोवर गाईंचं मीच बघणार."

उन्हाळ्यात मुलगी झाली. पहाटे धारा काढायला जाताना बापाला अख्खं घर ओलांडावं लागू नये, म्हणून डेक्लनने त्या खोलीला वेगळं दार काढून दिलं. मर्ट ते दार क्वचितच वापरतो. स्वयंपाकघरातूनच जातो, आणि जाता जाता सुनेसाठी चहाचं आधण ठेवतो.