सीताफळाच्या पॉटमधला अंटार्क्टिका

थर्मोकोलची मोठी पेटी घेऊन वास्को स्टेशनवर उभं राहिलं की पेटीत काय आहे हे कुणी विचारत नाही. मासेच असणार, हे गोव्यात ठरलेलं असतं. हमालाने पेटी उचलताना फक्त ‘इसवण (सुरमई) काय?’ एवढंच विचारलं.

“बर्फ,” मी म्हटलं.

“बर्फ वयर आसता. भितर कितें?” (बर्फ वर असतो. आत काय?)

“आतही बर्फच.”

पेटी खाली ठेवताना त्याने ती मघापेक्षा हळू ठेवली. वेड्या माणसांशी जपून वागावं, तसं.

बर्फ अंटार्क्टिकाचा होता, आमच्या गोव्यातल्या संशोधन संस्थेच्या शीतगृहातला. तिथे पडलेलं हिम वितळत नाही, थरावर थर साचून दगडासारखं घट्ट होतं. त्यात खोल भोक पाडून बर्फाच्या लांब कांड्या बाहेर काढतात. त्या त्या काळाची धूळ, समुद्रावरून उडत आलेलं मीठ आणि बुडबुड्यांत कोंडलेली हवा, सगळं त्या थरांत शाबूत असतं. जुनं हवामान कधी तापलं, कधी निवलं, हे त्यावरून वाचता येतं. रिवाज असा की कांडी उभी चिरायची आणि अर्धा भाग जपून ठेवायचा. मी नेत होते त्या तुकड्यांचा जपलेला अर्धा भाग मात्र आधीच्या एका कामात संपून गेला होता. हे तुकडे वितळले तर हवा निसटणार होती, आणि माझ्या आलेखात त्या काळाच्या जागी कायमचं भोक पडणार होतं. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत त्या हवेची तपासणी व्हायची होती. पेटीतल्या थंड पिशव्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकल्या असत्या. गाडी सकाळीच पोचणार, त्यामुळे मी निर्धास्त होते.

हैदराबादेत काचीगुडा स्टेशनवर उतरले तेव्हा प्रयोगशाळेतून फोन आला. आज बंद आहे, रस्त्यात मोर्चे आहेत, अंधार पडल्यावर गाडी पाठवतो, तोवर कुठेतरी थांबा. राज्याच्या वाटणीची ती वर्षं. बंद अधूनमधून होतच असत, पण तो नेमका माझ्याच दिवशी यावा याचा मला मनापासून राग आला.

अंबरपेठेत माझी आत्या राहते. दुकानांची शटरं बंद राहिली होती, तरी एक रिक्षावाला तयार झाला. त्याने आधी विचारलं, “कहाँ के हैं आप? लोकल की नॉन-लोकल?” म्हणजे इथला की वाटणीत पलीकडे जाणाऱ्या भागातला, हा प्रश्न तेव्हा शहरात भाजीवालाही विचारत असे.

“गोव्याची.”

“फिर ठीक है. आपका झगड़ाच नहीं.” मग पेटीकडे बघून, “और ये?”

“दक्षिण ध्रुवाचा बर्फ.”

“ये तो पूरा नॉन-लोकल है,” असं म्हणून त्याने रिक्षा गल्लीबोळांतून घातली आणि आत्याच्या दारात आणून सोडलं.

आत्याने शाळेत आयुष्यभर मराठी शिकवली, त्यामुळे सगळी गल्ली तिला टीचरम्मा म्हणते. तिच्या सासरचं गाव नांदेडकडचं. जुनं हैदराबाद राज्य फुटलं तेव्हा गाव तिकडे गेलं आणि सासरे नोकरीपायी इकडे राहिले. “एक वाटणी त्यांनी बघितली, दुसरी मी बघायलीय,” ती खिचडी वाढताना म्हणाली. सोबत खट्टा (चिंच आणि तिळाचं पातळ कालवण) आणि तळलेला पापड. रात्रभर पेटीला टेकून आखडलेल्या अंगाला त्या खट्ट्याने जी तरतरी आली, ती मी अजून विसरलेले नाही.

जेवण होईपर्यंत तिने फ्रीजरमधून वाटलेला गोंगुरा (अंबाडी), मटार, लिंबाचा रस, सगळं काढून ओट्यावर मांडलं होतं. “ठेव तुझं पोरगं आत,” म्हणाली. मी तुकडे ठेवले, थंड पिशव्याही परत गोठायला ठेवल्या आणि निवांत पाठ टेकली. तेवढ्यात पंखा थांबला.

वीज गेली ती गेलीच. बाहेर ऊन चढत होतं. फ्रीजरचं दार उघडायचं नाही, एवढंच आमच्या हातात होतं. दुपार कलायला लागली तसा दाराच्या रबरापाशी ओलावा धरला. मी तुकडे परत पेटीत घातले, पण पिशव्या आता लिबलिबीत झाल्या होत्या. माझा जीव टांगणीला लागला होता आणि तोंडाने मात्र मी ‘येईल वीज’ म्हणत होते.

मी खिडकीतून रस्ता बघत होते. मागे वळले तर आत्या पेटीपाशी उभी, झाकण बाजूला, आणि मूठ पेटीवरून गोल गोल फिरतेय. मीठ-मोहऱ्या! नजर लागलीय म्हणून ती अंटार्क्टिकाची दृष्ट काढत होती.

“आत्या, मीठ नको!” मी ओरडलेच. या बर्फात आम्ही मिठाचे कण मोजतो. त्यावरून त्या काळी समुद्रावर वारं कसं होतं हे कळतं. ते मोजायचे तर तुकड्यांना उघडा हात लावणंही निषिद्ध, आणि ही वर मूठभर मीठ धरून उभी. तुकडे दुहेरी प्लास्टिक पिशव्यांत बंद होते म्हणून निभावलं. आत्या खट्टू झाली. मूठ तशीच आवळून स्वयंपाकघरात गेली, आणि मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. ती बाहेर आली तेव्हा मात्र तिच्या पायात चपला होत्या.

“पेटी उचल. सत्तारभाईकडं जाऊ.”

सत्तारभाईंचं आईस्क्रीमचं दुकान सुलतान बाजारात, पण माल बनतो आत्याच्या गल्लीच्या टोकाला, एका पत्र्याच्या खोलीत, हाताने. लाकडी बादलीत उभा पितळी डबा, डब्यात दूध आणि फळ, भोवती फोडलेला बर्फ आणि खडेमीठ, हा त्यांचा पॉट. बर्फात मीठ पडलं की तो घरच्या फ्रीजरइतका थंड होतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. दिवसभर ते माझ्या डोक्यात आलं नाही, कारण दिवसभर मी मिठाला भीत होते. दारात खडेमिठाची पोती बघून मी तिथेच थबकले.

आत्याने सगळी हकीकत सांगितली. सत्तारभाईंनी दाढी खाजवत पेटीत डोकावून पाहिलं.

“नमक अंदर नक्को जाना, यही ना?” ते म्हणाले. “मेरा भी वही रोना है, बेटी. एक खड़ा अंदर गया तो पूरा माल खारा. फेकनाच पड़ता.”

म्हणजे आमची भीती एकच होती. माझा जीव तिथेच निम्मा खाली आला.

अडचण वेगळी होती. बंदमुळे कारखान्यातून बर्फाची नवी लादी आलेली नव्हती. होता तेवढा बर्फ एकाच पॉटला संध्याकाळपर्यंत पुरणार, आणि त्या पॉटमध्ये उद्याच्या दुकानाचं सीताफळाचं आईस्क्रीम जमून तयार होतं. सत्तारभाईंनी एकदा पॉटकडे बघितलं, एकदा पेटीकडे.

“आइस्क्रीम तो कल फिर बनता,” ते म्हणाले. “ये फिर बनता क्या?”

“नाही,” मी म्हटलं.

“तो बस. टीचरम्मा, गली में आवाज़ दो. सबकू बोलो कटोरी लेके आओ.”

मग अंबरपेठेच्या त्या गल्लीत भर बंदमध्ये सीताफळाची पंगत बसली. इकडचे, तिकडचे, कालपरवापर्यंत एकमेकांशी वाटणीवरून भांडलेले, सगळे वाट्या घेऊन आले. सत्तारभाई तोवर डबा पुन्हापुन्हा धुऊन, पुसून कोरडा करत होते. माझे तुकडे त्यात उभे बसले. झाकणावर त्यांनी मेणकापड गच्च बांधलं आणि भोवतीचं मीठ काठाच्या खाली चार बोटं ठेवलं. मग ते आणि मी आळीपाळीने बादलीतलं वितळलेलं पाणी काढत, बर्फ फोडून भरत बसलो. आत्याने मला एक वाटी आणून दिली. आयुष्यात इतकं चांगलं आईस्क्रीम मी खाल्लेलं नाही, आणि खाताना रडू येत होतं हेही खरं.

दिवेलागणीला प्रयोगशाळेची गाडी आली. डबा उघडला तेव्हा तुकड्यांच्या कडा धारदार होत्या, पिशवीत पाण्याचा थेंब नव्हता. मी सत्तारभाईंना वाकून नमस्कार केला. ते एकदम मागे सरले आणि “अरे, नक्को नक्को” म्हणत मिठाचे हात लुंगीला पुसत राहिले.

पुढचे दिवस प्रयोगशाळेत गेले. तपासणीआधी तुकड्यांची बाहेरची साल तासून टाकतात, कारण तिला जगाचा हात लागलेला असतो. ती साल टाकाऊच. परतायच्या दिवशी मी तिची एक चकती मागून घेतली आणि सत्तारभाईंच्या खोलीवर गेले. आत्याही आली. स्टीलच्या ग्लासात पाणी घेऊन मी चकती आत सोडली. बर्फ तडतडायला लागला.

“क्या बोलरा ये?” सत्तारभाईंनी ग्लास कानाशी धरला.

“बुडबुडे फुटताहेत. आत कोंडलेली हवा सुटतेय. चारमिनार बांधायच्याही कितीतरी आधीची.”

त्यांनी ग्लास कानापासून नाकाशी आणला, डोळे मिटले आणि छातीभर श्वास घेतला. मग ग्लास आत्याकडे दिला. तिनेही तसाच श्वास घेतला.

“लो,” सत्तारभाई म्हणाले. “अब ये लोकल हो गयी.”

परतीच्या गाडीत पेटी रिकामी होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, मासे संपले वाटतं? मी हो म्हटलं. पुढे काम पूर्ण झालं, आलेख तयार झाला. त्यावर जुन्या हवेची एक लांब रेष आहे, चढउतारांची, आणि सभांमध्ये लोक तिच्या चढांवर बोट ठेवून प्रश्न विचारतात. मधे एक साधासा टप्पा आहे, त्याबद्दल कुणी काही विचारत नाही, कारण तिथे रेष कुठे तुटलेली नाही. तो टप्पा पडद्यावर आला की मला सीताफळाचा वास येतो.