दोघांचा मिळून एक

आई गेल्यावर बाबांना मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रांझीच्या घरातून नेपियर टाउनला माझ्याकडे घेऊन आले. बाबा कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर घरात ते आणि आई, दोघंच. दिवसभर त्यांची भांडणं चालायची. पंखा कितीवर ठेवायचा, मला फोन आधी कोणी करायचा, कशावरूनही. आता भांडायला कोणी नव्हतं, तर बाबा गप्पच झाले. माझ्याकडे ते पाहुण्यासारखे राहत. पाणीसुद्धा विचारून प्यायचे.

त्यांना बोलतं केलं माझ्या मुलीनं. ती अकरावीत आहे. दुपारी कोचिंगवरून आली की ताट घेऊन लॅपटॉपसमोर बसते आणि जपानी ॲनिमे बघते. मराठी तिला सगळं समजतं, बोलायला लागली की इथली हिंदीच येते. एक दिवस बाबा तिच्या शेजारी जाऊन बसले. मग रोजच बसू लागले. पडद्यावरची अक्षरं झरझर निघून जात, म्हणून ती जेवता जेवता त्यांना गोष्ट सांगायची आणि मी स्वयंपाकघरातून ऐकायची.

गोष्ट दोन योद्ध्यांची होती. लहानपणापासूनचे जोडीदार, पण सतत एकमेकांच्या खोड्या काढणारे. शेवटच्या लढाईत त्यातला एक मरायला टेकतो. तेव्हा तो दुसऱ्याचा हात धरतो आणि दोघांचा मिळून एकच होतो. धूर ओसरतो तर तिथं एकच माणूस उभा. डोळे एकाचे, केस दुसऱ्याचे, ताकद दोघांची.

"मग वेगळे केव्हा होतात?" बाबांनी विचारलं.

"अब कभी नहीं होंगे, आजोबा. परमनंट है. इसीलिए तो इतनी पॉवर मिली."

"काहून? लढाई तर जिंकली ना त्यानं?"

"रूल ही ऐसा है," ती म्हणाली.

बाबांनी पडद्यावरच्या त्या एकट्या माणसाकडे बोट दाखवलं. "मग हा आता त्याच्याशी बोलते कसा?"

"बोलने की ज़रूरत ही नहीं. वो इसके अंदर है ना." मग तिनं ताट बाजूला ठेवलं. आजीवर तिचा फार जीव होता. अडखळत, मराठीत म्हणाली, "आजी पण तशीच आहे. तुमच्या आत."

आई गेली तेव्हा भेटायला आलेली माणसंही बाबांना हेच सांगून गेली होती. बाबांनी मुकाट्यानं मान हलवली होती. या वेळी हलवली नाही.

"नाही बेटा," ते म्हणाले. "आत नको मले. समोर पाहिजे. आत बसली तर ती भांडेल कशी माझ्याशी? एक झाल्यावर माणूस भेटते कोणाला?"

मुलीनं लॅपटॉप बंद केला. ती त्यांच्या खांद्याला टेकून बसली आणि बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. मी गॅसपाशी उभी होते. आई जशी करायची तशी वांग्याची भाजी मी त्या दिवसांत पुन्हा पुन्हा करून बघत होते. चव जवळपास जमली होती. त्या दुपारी ती चाखली आणि मला आईची इतकी आठवण आली, की मी तिथंच ओट्याला धरून उभी राहिले.

काही दिवसांनी बाबा म्हणाले, "मले घरी नेऊन दे."

"तिथं एकटे काय करणार तुम्ही?"

"तिथं ती नाही, हे दिसते तरी. इथं तेही दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ऑटोनं निघालो. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या गर्दीत ऑटो अडकला, तर बाबा ऑटोवाल्या भैयाला गल्ल्यांतून रस्ता सांगू लागले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज असा मोकळा ऐकला.

घरी पोचल्यावर त्यांनी आधी खिडक्या उघडल्या. दुखवट्याच्या बैठकीच्या दिवसांत कोणीतरी आईची वेताची खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती. बाबांनी ती ओढून आपल्या खुर्चीसमोर आणली, पदरासारख्या मऊ जुन्या कापडानं पुसली आणि समोर बसले. मला म्हणाले, "जा तू आता. मी ठीक आहे."

आता दर रविवारी मी आणि मुलगी तिकडे जातो. ती बाबांच्या बाजूला स्टूल घेते, मी पलंगावर टेकते. मधेच मला वाटतं, एकदा त्या वेताच्या खुर्चीत बसून बघावं. कधीकधी हात लावते. अजून बसले नाही.