कणगीतलं ओलं भात

तांदळासाठी उकडलेलं भात वाळलं की नाही, हे आमच्या आमोणे गावात दातांनी ठरवतात. दाणा चावायचा, कट्ट मोडला तर साठवणीच्या कणगीत, चपटा झाला तर परत उन्हात. वहिनी चार दिवस माहेरी पेडण्याला जाताना मला एवढंच बजावून गेली. भाऊ वारल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि तिची एक दुभती गाय. चहाच्या दुकानाला आणि दोन घरांना दूध घालून ती आपलं भागवायची. माझ्यापुढे कधी हात पसरला नाही.

गोवा राज्य झालं तो मे महिना. तिठ्यावर मराठी-कोंकणीचा वाद तापला होता आणि माझ्याशिवाय तो सुटणार नाही, अशी माझी खात्री. ढग आले तसं मी भात हातानंच चाचपलं, कणगीत ओतलं आणि पळालो. तिठ्यावर तोंड भरपूर चालवलं. दाणा एकही चावला नाही.

श्रावणात कणगी उघडली. आत ऊब, कुबट वास, दाण्यांवर हिरवी-पिवळी बुरशी.

"चावून बघितल्यात मां, भावजी?"

"बघितलं तर!"

"उकिरड्यार घाला सगळां."

उकिरडा रस्त्याला लागून. माझ्या फजित्या मीच रंगवून सांगायचो. लोकांनी त्या आधी बघितलेल्या मला चालायच्या नाहीत. मी ते भात गुपचूप धुतलं, शिजवलं आणि रोज गायीच्या आंबोणात मिसळत राहिलो. माणसाला नको ते गुराला चालतं, हे माझं शास्त्र.

काही आठवड्यांत गाय चारा हुंगून सोडू लागली. दूध आटत गेलं, डोळे पिवळे पडले. जनावरांचे डॉक्टर कोल्हापूरकडचे. पापणी उलटून त्यांनी विचारलं, "बुरशी धरलेलं काही घातलंय काय?"

"मी घातलं," मी म्हणालो. "पण धुऊन, शिजवून."

"धुऊन रंग जातो हो. विष शिजवलं तरी राहतंय. लिव्हर गेलंय तिचं." मग म्हणाले, "दूध कोण पीत होतं? त्यातपण उतरतंय ते."

वहिनी गायीच्या गळ्याखाली हात फिरवत होती. तो हात थांबला. दोन घरांपैकी एकात रांगतं मूल होतं.

तिसऱ्या दिवशी गाय गेली. तिला पुरून आल्यावर वहिनीनं पाय धुतले आणि त्या घरी सांगायला निघाली. मी चपला शोधू लागलो.

"तुमी येव नका, भावजी," ती म्हणाली. "तुमी लोकांक हसवतल्यात."