ताईंचा मसाला आणि सरांचं कृष्णविवर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरांइतक्या वस्तू हरवणारा माणूस इकडे उत्तरेत, अख्ख्या झिरकपूर शहरात सापडायचा नाही, आणि जगात काहीच कायमचं हरवत नाही असं विद्यापीठात शिकवतात तेही हेच! एकदा स्कूटरवरून गेले नि बसने परत आले. "अहो, स्कूटर?" मी विचारलं. "हरवलेली नाही वहिनी, फक्त कुठे आहे ते आपल्याला ठाऊक नाही." चौथ्या दिवशी शेजारच्या मनीमाजऱ्याच्या भाजीवाल्याचा फोन आला, सरजी, दुकानापुढून गाडी हलवा. त्यांचा विषय कृष्णविवरं. जिन्यात गाठलं की आपली सुटका नाही. "समजा, एक पत्र कृष्णविवरात पडलं. मजकूर गेला? छे! विवर हळूहळू विरत जातं, तेव्हा तो बाहेर येतो. पण इतका विस्कटलेला, की जळलेलं पत्र धुरातून वाचायचं!" "मग वाचलं का कुणी?" "त्यावरच तर भांडणं चाललीत!" आणि चेहरा असा खूश, जणू भांडण यांनीच लावून दिलंय.

मग त्यांची बायको, आमच्या ताई, गेल्या. वर्षभराने त्यांच्या हातच्या गोड्या मसाल्याचा डबाही संपला. कृती कुठेच लिहिलेली नव्हती. सर हटले नाहीत. डब्याच्या कडेला चिकटलेली पूड भिंगाखाली धरली, धने, तीळ, दगडफूल मोजूनमापून भाजलं, आणि दर रविवारी आमटीची वाटी घेऊन माझ्या दारात हजर. मला मेलीला खोटं बोलता येत नाही. "छान झालीय सर, पण ताईंची नाही." मान खाली घालून जिना चढायचे. माझा जीव तुटायचा.

परवा दिल्लीहून त्यांची लेक आली. तिला मराठी कळतं, पण बोलते हिंदीतच. मी वरच होते. सर मंद आचेवर खोबरं बदामी भाजत होते. ती हसायलाच लागली. "पापा, बस इतना? मम्मा तो पूरा काला करती थी! नीचे से आंटी भागकर आती थीं कि कुछ जल रहा है!"

अगं बाई! खरंच की. दर उन्हाळ्यात मीच धावत वर जायची, आणि ताई पदराने धूर वारत हसायच्या. माझ्या नाकाला सगळं ठाऊक होतं, आणि मी शहाणी नुसत्या वाट्या चाखत बसले होते.

खोबरं काळं झालं, घरभर धूर झाला. आमटीचा पहिला घोट घेतला नि मला रडूच फुटलं. "सर, ताईंचीच!"

सर लेकीकडे वळले. "तुला आणखी काय काय आठवतं गं तिचं?" म्हणाले, आणि वही उघडून तिच्यासमोर बसले. पेन अर्थातच सापडेना. मी माझं दिलं.