मुकट्यातलं पेनिसिलिन

माझ्या उजव्या पायाच्या नळीत एक व्रण होता आणि तो चांगला माणसाळलेला होता. वर्षातून दोन-तीनदा यायचा, पेनिसिलिनचा पाहुणचार घ्यायचा आणि जायचा. डॉक्टर त्याला हाडीव्रण म्हणत, आई "वसंताचं ते" म्हणे. पेनिसिलिन तेव्हा नवलाचं होतं, त्यामुळे मी स्वतःला अंधेरीतला प्रतिष्ठित रोगी समजत असे. (कारकुनाला दुसरी प्रतिष्ठा मिळणार कुठून?)

त्या श्रावणात मात्र डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हा कोर्स अर्धवट सुटला तर मी औषध देणार नाही. सरळ हाड खरवडावं लागेल."

खरवडणं हा शब्द मी तोवर दुधाच्या पातेल्यापुरताच ऐकला होता. माझी पाचावर धारण बसली.

अडचण होती बर्फाची. कालवलेलं औषध बर्फात ठेवायचं, आणि आमच्या घरात सगळ्यात थंड वस्तू म्हणजे आप्पांचा स्वभाव. आम्ही वेसाव्याच्या रस्त्याला, कोळीवाड्याच्या अलीकडे राहत होतो. त्या टापूत दिवसभर टिकणारा बर्फ एकाच ठिकाणी होता, हिराबाई कोळणीच्या मासळीच्या पेटीत! हिराबाई रोज आमच्या दारावरून बाजारात जाई. तिची नि आईची मैत्री घट्ट होती, पण रस्त्याच्या रुंदीएवढं अंतर राखून. आमच्या घरात मासळी सोडाच, मासळीचं नावही येत नसे.

बाटली त्या पेटीत ठेवायची की नाही, यावर आईने एक अख्खी दुपार घालवली. मग म्हणाली, "रेशमाला विटाळ नसतो."

आप्पांचा पूजेला नेसायचा जुना रेशमी मुकटा तिने टर्रकन फाडला, तुकड्यात बाटली बांधली आणि गाठीत तुळशीचं पान खोवलं.

"अगं, औषध आहे ते, नैवेद्य नव्हे," आप्पा म्हणाले.

"तुम्ही बोलू नका. मुलाच्या अंगात जायचंय ते, त्यांच्या शेजारून उठून." ('त्यांच्या' म्हणजे सुरमई-पापलेटांच्या.)

सकाळ-संध्याकाळ आप्पांनी हिराबाईच्या घरून पुडी आणायची, दवाखान्यातल्या परब कंपाउंडरने मला टोचायचं आणि पुडी पुन्हा पेटीत. सगळं झकास चाललं होतं. शेवटच्या इंजेक्शनच्या संध्याकाळी आप्पा दवाखान्यात हात हलवत परत आले.

"हिराबाई बाजारात गेलीय. तिची सासू म्हणते, पुडी होडीवर चढली."

झालं होतं असं. नारळी पुनव होऊन गेली होती आणि हिराबाईच्या नवऱ्याची होडी त्याच संध्याकाळी पहिल्या फेरीला निघणार होती. होडीसाठी बर्फ काढताना म्हातारीला पेटीत रेशमी पुडी दिसली. वर तुळस, आणि तीही भटाच्या घरची! शेजारणीने होडीला आशीर्वाद पाठवला, असं समजून तिने ती भक्तिभावाने होडीतल्या बर्फात ठेवून दिली.

परबाने उकळलेली सिरिंज खिशात घातली, मला आपल्या सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि आप्पा मागून ढकलू लागले. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा होडी कमरेएवढ्या पाण्यात डुलत होती आणि सारा कोळीवाडा निरोपाला जमला होता.

"आजीबाई, त्या पुडीत पेनिसिलिन आहे," आप्पांनी समजावलं.

"असंल," म्हातारी म्हणाली. "देवाची नावं लय असतात."

"अहो, ती परत द्या."

"होरीवर चढलेला देव फेरी झाल्याबिगर उतरत नाय."

"काका, भरती काय आपल्यासाठी थांबायची नाय," होडीवरून हिराबाईचा नवरा ओरडला.

मला समोर पातेलं आणि उलथनं दिसू लागलं. मी रडवेला होऊन म्हणालो, "आजी, माझं हाड खरवडतील हो."

म्हातारीने माझ्या पायाच्या पट्टीकडे पाहिलं. तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

"मंग पोऱ्याला वर घ्या रं. देव उतरत नाय, पोऱ्या तर चढंल."

दोघा गड्यांनी मला पोत्यासारखं उचललं आणि जाळ्यांच्या ढिगावर पालथं टाकलं. परबाने बर्फातून पुडी काढली, गाठ सोडली, औषध भरलं आणि माझं धोतर सैल केलं. समस्त कोळीवाड्यासमोर!

"वायच हलू नकात," परब म्हणाला.

मी हललो नाही. होडी हलली. सुई नेमकी कुठे गेली ते सांगण्यासारखं नाही, पण गेली. किनाऱ्यावरच्या बायकांनी हा सगळा पूजेचाच भाग धरला आणि हात जोडले. कशाला जोडले, ते मी पालथा असल्यामुळे विचारू शकलो नाही. रिकामी बाटली पुन्हा मुकट्यात बांधून बर्फात गेली, मला खाली उतरवलं आणि होडी निघाली.

व्रण बुजला. हाड वाचलं, आणि डॉक्टरांनी तसं सांगितलं त्या रात्री मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून खरोखर रडलो. इकडे होडी काठोकाठ भरून आली. वेसाव्यात इतकी मासळी त्या हंगामात कुणालाच मिळाली नव्हती म्हणे.

पुढल्या वर्षी, पुनव होताच, म्हातारी आमच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"बाय, होरी निघतेय," ती आईला म्हणाली. "तुमच्या पोऱ्याचा पाय कदी चिघळनार?"

ऑफिसात मला कुणी विश्वासाने टाचणीची डबीसुद्धा देत नसे, आणि इथे अख्ख्या होडीची भिस्त माझ्यावर! मी घाईघाईने धोतर वर करून नळी चाचपली. ठणठणीत कोरडी होती. म्हातारीला तोंड दाखवायची मला लाज वाटली.