अर्जलेखक हल्ली घरी असतात

राजापूरच्या एस.टी. स्थानकावर वडील मला सोडावयास आले, तेव्हा त्यांच्या खांद्यावर माझी ट्रंक होती आणि तोंडी एकच सूचना. "चार माणसांत बसून काम कर हां. एकट्याला आपली चूक दिसत नाय." गाडी सुटली तरी ते हात न हलविता तसेच उभे राहिले. नव्वदीचे दशक नुकतेच लागले होते. माझे शिक्षण नववीपर्यंत. परंतु हस्ताक्षर असे, की शाळेच्या फळ्यावरील सुविचार गुरुजी मलाच लिहावयास सांगत. गावी राहिलेल्या मंडळींसाठी, तसेच माझ्याप्रमाणे बाहेर पडून मुंबईच्या आसपास पांगलेल्यांसाठी हा मजकूर सादर करीत आहे.

नालासोपाऱ्यास मावसभावाच्या खोलीत उतरलो आणि वर्षभरात वसईच्या एका सरकारी कचेरीबाहेर, गुलमोहराखाली, टेबल मांडले. अर्जलेखक झालो. लोक मला 'वकील' म्हणत. मीही विनाकारण कोणाची चूक दुरुस्त करीत बसलो नाही.

तेथे बोलीचा एक पेच होता. आजूबाजूच्या गावांतील पुष्कळ माणसे 'ण' च्या जागी 'न' म्हणत. पाण्याला पानी, लोण्याला लोनी. कानाने 'न' घ्यावा आणि कागदावर 'ण' उतरवावा, हे माझे कसब. त्यात माझा हात धरणारा त्या झाडाखाली दुसरा नव्हता. अर्ज पूर्ण झाला की मी तो मोठ्याने वाचून दाखवीत असे, आणि आपली पाळी येईतो ताटकळलेली सारी मंडळी कान देत.

"ओ वकील, धाकल्या भावाचं नाव ऱ्हायलं!"

"कोनता धाकला? दुबईवाला?"

"त्याला कशाला घालता? बापाच्या मयताला तरी आलेला काय तो?"

हशा पिकत असे, आणि हशातच अर्ज दुरुस्त होत असे. माझे कागद त्रुटी काढून सहसा परत येत नसत, त्याचे श्रेय इतकी वर्षे मी एकट्याने घेतले.

पुढे दोन हजार दहाचे दशक सरत आले असता कचेरीला नवी भिंत आली, भिंतीलगत वाहने उभी करण्याची सोय झाली, आणि आम्हां टेबलवाल्यांना उठविण्यात आले. गुलमोहरही गेला. पंचेचाळिशी उलटलेली, दुसरे काही येत नाही. प्रश्न एकच उरला. टेबल घरात नेले, तर हा व्यवसाय जगेल काय?

माझी कन्या शुभांगी अंधेरीच्या एका कंपनीत आहे. आठवड्यातून दोन दिवस ती घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. ती म्हणाली, "बाबा, जागा गेली म्हणजे काम गेलं असं थोडंच असतं? सगळ्यांना मोबाईल नंबर द्या. फोनवर ऐका, टाईप करा, प्रिंट काढा. ट्रॅव्हलिंग वाचेल, गुडघे वाचतील." तिने आपला जुना कॉम्प्युटर हॉलमध्ये माझ्या टेबलावर बसवून दिला.

न्यायाने सांगावयाचे, तर सुख होते. डोक्यावर पंखा, वेळेवर चहा, धुळीचा त्रास नाही. परंतु आपल्या मराठीत 'काय करतात?' या प्रश्नास 'घरी असतात' असे उत्तर मिळाले, की त्या माणसाविषयी पुढे कोणी काही विचारीत नाही. शुभांगीच्या घरी असण्याला पाठीशी कंपनीचे नाव आहे. मी इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी बसे, तरी शेजारीण बेल वाजवी. "काका, तुम्ही घरीच असता ना? मग आमचा सिलिंडर तेवढा घेऊन ठेवाल?" त्या उन्हाळ्यात माझ्याकडे अर्जांपेक्षा सिलिंडर अधिक आले.

अशातच हिराबाईंचा फोन आला. वसईच्या होळी भागात त्यांची विड्याच्या पानांची वाडी, यजमान वारलेले, टेबलापासूनची ओळख. फोनमध्ये वारा भरला होता.

"वकील, आमच्या वाडीची पानां गेली हो! समदी गेली! साहेबांना बघाया बोलवा."

मी 'पान' एवढेच ऐकले आणि सवयीच्या हाताने 'पाणी' लिहून मोकळा झालो. अर्ज झाला विहिरीचे पाणी गेल्याचा. फोनवर वाचून दाखविला. पलीकडून "हां, हां, तसंच" असे आले. त्यांच्या गावच्या रिक्षावाल्याकडे कागद दिला, त्यावर अंगठा उमटला आणि तो कचेरीत दाखल झाला.

रीतीप्रमाणे कचेरीची माणसे आली आणि विहिरीत डोकावली. विहीर भरलेली. "बाई, थट्टा करता काय?" असे म्हणून गेली. फोनच्या आधी किनाऱ्यावर येऊन गेलेल्या वादळाने झोपलेल्या वाड्यांचे पंचनामे करणारे निराळे होते. ते शेजारच्या वाड्या पाहून कधीच परतले होते.

हिराबाई चार जिने चढून माझ्या दारी आल्या. हातात करपलेले पान. "पान आन् पानी येगलं कळत नाय तुम्हाला, वकील? टेबलावर असता, तर हे समोर धरलं असतं मी."

मी सदरा चढविला आणि त्यांच्याबरोबर निघालो. कचेरीच्या भिंतीजवळ बसावयास जागा नव्हती. एका स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून उभ्याने नवा अर्ज लिहिला आणि पूर्वीच्याच आवाजात वाचला. येणारे-जाणारे कानाला मोबाईल लावून पुढे गेले. वॉचमन तेवढा थांबला. "काका, गाडीला टेकू नका."

"बरोबर हाय," हिराबाई म्हणाल्या. "पन वेल तर मी उपटून टाकले. आता साहेब येऊन काय बघतील? माती?"

मी अर्ज आत दिला, पोच घेतली, ती त्यांच्या हाती ठेवली. त्यांनी ती घडी घालून कमरेला खोचली आणि बस धरली.

मी परतलो, तो सौभाग्यवती म्हणाली, "टेबल रिकामंच आहे ना? शेंगा सोलायला घेते." मी कॉम्प्युटर भिंतीकडे सरकविला.

गावकरी मंडळींनो, तुम्ही दरवर्षी विचारता, घरी कधी येणार? पूर्वी हा प्रश्न कानाला गोड लागे, कारण मी कोठे तरी गेलेला असे. कामावरून माणूस घरी येतो, परगावाहून घरी येतो. ज्याला सकाळी उठून जावयास ठिकाणच नाही, त्याने घरी यायचे कोठून, हे मला नेटके मांडता येत नाही. शेंगा सोलून होईतो टेबलही मिळावयाचे नाही.