कुत्र्याला उलटी झाली म्हणून

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत मी धुळ्याला गुरांचा डॉक्टर होतो. बैल लंगडला की माणसं लगेच आणायची. कुत्रं ओकलं तर त्यावर राख टाकून मोकळी व्हायची. त्यामुळे कुत्रं घेऊन येणारा माणूस म्हणजे खरा जीव लागलेला. म्हणूनच की काय, बैल विसरलो आणि कुत्र्यांचेच किस्से साठत गेले.

*

करीमचाचा पिंजारी केळीच्या पानात काहीतरी बांधून आले. पान उघडलं तर कुत्र्याची उलटी! "मला नीट सांगता येणार नाही साहेब, तुम्हीच बघा." त्यात कापसाचे बोळे होते. पोटाला आराम द्या, पाणी थोडं थोडं पाजा आणि बरा झाला की कापसापासून लांब बांधा, असं मी सांगितलं.

पुढे एकदा त्यांच्या दुकानावरून गेलो. कुत्रा आत सावलीत झोपलेला, चाचा बाहेर उन्हात कापूस पिंजत बसलेले. म्हणाले, "बांधला की रडतो. मग मीच बाहेर आलो."

*

चाळीसगाव गाडीच्या गार्डसाहेबांचा टॉमी रोज सकाळी गवत खाऊन पिवळा फेस ओकायचा. कोणी विष घातलं, या धास्तीने त्यांची बायको शेजाऱ्यांशी बोलेनाशी झाली होती. कुत्रा तपासला, चांगला टुणटुणीत. पोट फार वेळ रिकामं राहतं म्हणून पित्त पडतं, झोपताना भाकरीचा तुकडा द्या, म्हटलं.

उलट्या थांबल्या. बाईंनी शेजारी सगळीकडे लाडू वाटले. कशाबद्दल, ते मात्र कोणाला सांगितलं नाही!

*

नरडाण्याकडे गुरांना लस टोचायला गेलो होतो. दगाभाऊ नावाचे शेतकरी मला घरी घेऊन गेले. त्यांची कुत्री वाघी भाकरी खायची आणि घरात येऊन ओकायची. पुसलं की पुन्हा तेच. मोठं दुखणं असेल, या काळजीने भाऊ खचले होते.

वाघीचं पोट मऊ, डोळे तरतरीत. कुठे ओकते, विचारलं. भाऊंनी भिंतीशी बसलेल्या आपल्या आईकडे, अक्कांकडे, बोट दाखवलं. वडील गेल्यापासून अक्कांनी अन्न जवळजवळ सोडलं होतं. वाघी ओकायची ती फक्त त्यांच्या पुढ्यात.

"हिला पिलं झाली होती?"

झाली होती, नुकतीच लोकांना देऊन टाकली होती.

मी सांगितलं, पिलं दुधावरून अन्नावर यायला लागली की कुत्री स्वतः खाते आणि त्यांच्यापुढे ओकून त्यांना भरवते. हा आजार नाही.

अक्का बराच वेळ वाघीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सुनेकडून भाकरी मागून घेतली, तुकडा मोडला, सावकाश चावून गिळला आणि वाघीचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"देख, मी खादं. आते तुनं तू खाय."